चाकांवरची भट्टी

माझ्या लेकीच्या घरातून सकाळी बाहेर पडायचं तर आधी जिन्याखालच्या डबीवर चार आकडे दाबावे लागतात. रात्री झोपताना जावई आलार्म लावतात आणि तो न काढता दार उघडलं की सगळं घर कोकलायला लागतं. पहिल्याच आठवड्यात मी सहा वाजता दूध आणायला म्हणून दार उघडलं, सवय, दुसरं काय. असा भोंगा वाजला की शेजारची बाई पायात एकच चप्पल घालून धावत आली. लेक डोळे चोळत खाली उतरली, भोंगा बंद केला, शेजारणीला हसून काहीतरी सांगितलं आणि मला म्हणाली की आई, दूध फ्रिजमध्ये आहे. ते मलाही माहीत होतं.

दुसऱ्या खेपेला मी दुपारी निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि आडवा पाऊस सुरू झाला, म्हणून बसस्टॉपच्या काचेच्या आडोशाला बसले. आता तिथे माणूस बसलं की बस थांबणार. एक थांबली, मी हात हलवून नको म्हटलं. दुसरी थांबली, तिलाही नको म्हटलं. तिसऱ्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून मला बरं वाटत नाही का असं विचारायला लागला आणि मला तर इंग्रजी बोलता येईना. शेवटी लेक मीटिंग अर्धी टाकून छत्री घेऊन आली. ती रागावली नाही, पण त्या मीटिंगमध्ये तिचा साहेब होता म्हणे. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. एकटीनं बाहेर पडायचं नाही.

ल्यूकन हे डब्लिनच्या पश्चिमेला. सकाळी सातला जावई गाडी काढून चेरीवूडला कामावर जात, ते दिवे लागल्यावर येत. लेक तीन दिवस घरून काम करायची, म्हणजे घरात असून नसायची. पाच वर्षांची नात शाळेत. मी खालच्या खोलीत. फोडणी केली की छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायचं, म्हणून फोडणी बंद. दुपारची झोप मला आयुष्यात कधी माहीत नव्हती, ती इथे लागायला लागली आणि उठल्यावर कुठे आहे तेच कळायचं नाही. मी खरं सांगते, माझा जीव गुदमरत होता. लेकीचं घर म्हणून बोलायची सोय नव्हती, एवढंच.

मी जयसिंगपूरची. तिथे सातव्या गल्लीत आमची बेकरी आहे, सासऱ्यांनी बांधलेली, विटांची भट्टी असलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला मैदा आणि कणीक यापलीकडे काही कळत नव्हतं. नवऱ्याला दमा लागला तशी मी भट्टीपुढे उभी राहिले आणि ते गेल्यावरही तिथेच राहिले. सगळी मिळून तेवीस वर्षं झाली; अलीकडे खोकला मागे लागला होता, तेवढंच. मुलगा दुकान बघायचा, मी भट्टी. हाताशी एक जुने कारागीर, त्यांना अख्खी गल्ली मामा म्हणते. पाव, बटर, टोस्ट, खारी हे रोजचं. पण आमची खरी ओळख दिवाळीतली. आधीचे पंधरा दिवस आसपासच्या गल्ल्यांतल्या बायका घरून तूपसाखर फेसून, मैदा मळून डबे घेऊन यायच्या. आमच्याकडच्या पत्र्यांवर नानकटाया थापायच्या, आपली खूण करायच्या आणि नंबर लावून बसायच्या. कुणाची खूण चारोळी, कुणाची वेलदोड्याचा दाणा, कुणी नुसता अंगठा दाबायची. भाजून झालं की कुणाचा पत्रा कुणाला गेला असं तेवीस वर्षांत एकदाही झालं नाही. हे मी गर्वानं सांगते.

म्हणून माझं जायचं यायचं ठरलं होतं. श्रावणात यायचं, दीड महिना राहायचं, नवरात्राच्या आत परत. तसंच तिकीट होतं. इथे येऊन वीस दिवस झाल्यावर लेक म्हणाली की तिकीट पुढे ढकललंय, व्हिसा नव्वद दिवसांचा आहे तर पूर्ण राहा की. मला न विचारता ढकललं. नवीन तारीख दिवाळीनंतर आठ दिवसांची. मी म्हटलं, अगं दिवाळीची भट्टी कोण लावणार? तर म्हणाली की दादा बघेल. दादाला भट्टीतलं ओ की ठो कळत नाही हे तिलाही ठाऊक होतं. मी चिडले, दोन दिवस अबोला धरला. नंतर परत मागे लागले. ते मागे लागणं मी पुढे सोडलं नाही. दिवाळीच्या आधी मला माझ्या भट्टीपुढे उभं राहायचं होतं. बाकी मला त्या देशाकडून काही नको होतं.

मुलाचा फोन रोज यायचा. दाखव रे जरा भट्टी, म्हटलं की नेटवर्क जायचं. कधी तो बाजारात असायचा, कधी गाडीवर. मामांना फोन दे म्हटलं तर मामा नुकतेच घरी गेलेले असायचे. भट्टीचं एक असतं. रोज लावली तर साथ देते. आठ दिवस थंड पडली की विटा ओल धरतात, मग एकदम जाळ केला की तडे जातात. मी फोनवर हे पुन्हा पुन्हा सांगायची. मुलगा म्हणायचा, हो आई, हो आई.

गणपती बसल्यानंतरचा रविवार होता. आईला जरा बाहेर काढू या म्हणून लेक आणि जावई मला एका जुन्या किल्ल्याजवळच्या बागेत घेऊन गेले. तिथे जत्रा होती. सहासातशे वर्षांपूर्वीचे लोक कसे राहायचे ते करून दाखवणारी हौशी मंडळी जमली होती. कुणी सूत काततंय, कुणी लोहारकाम करतंय, अंगात जाड्याभरड्या कापडाचे झगे. मी आपली ओढल्यासारखी चालत होते. आणि मला धुराचा वास आला. लाकडाच्या धुराचा. जेमतेम महिना झाला होता, पण तो वास आल्यावर माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी वासामागे गेले, लेक माझ्यामागे.

दोन चाकांचा लाकडी गाडा. त्यावर फळ्यांची चौकट, चौकटीत वाळूचा थर, वर विटा, आणि विटांवर मातीचा घुमट. पुढे तोंड. भट्टीच ती. माझ्या भट्टीचं पोर म्हणा. तिच्यामागे साठी उलटलेला एक उंच माणूस डोक्याला फडकं बांधून उभा. आयुष्यभर त्यानं डब्लिनमध्ये बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावर हे वेड घेतलं होतं. लेकीनं त्याला विचारून मला सांगितलं की पूर्वी युरोपात एखाद्या शहरात मोठी सभा भरली, राजे आले, धर्मगुरू आले, की माणसं लोटायची आणि गावातल्या भट्ट्या पुरायच्या नाहीत. मग भट्टीवाले गाड्यावर भट्टी बांधून यायचे आणि गल्लोगल्ली फिरून सारण भरलेले गरमागरम खाजे विकायचे. एरवी सुद्धा भट्टी सगळ्यांच्या घरी नसायचीच. बायका घरी पीठ मळायच्या आणि भाजायला भट्टीवाल्याकडे न्यायच्या.

मी लेकीला म्हटलं, हे शेवटचं परत विचार. तिनं विचारलं. तो परत तेच म्हणाला. घरचं पीठ, भट्टी दुसऱ्याची, आणि कुणाचा पाव कुठला ते कळावं म्हणून वर खुणा करायचे. मला हसू आवरेना. तो माणूस गोंधळला. लेकीनं त्याला आमच्या नानकटायांचं सांगितलं तेव्हा तोही हसला आणि मला भट्टीतून एक भाजलेला पाव काढून दिला. खाली कोळसा, वर कच्चा.

आता गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. जाळ आत असतानाच त्यानं पाव ढकलला होता. मी पदर खोचला आणि लेकीला म्हटलं, याला सांग बाजूला हो. निखारे बाहेर ओढायला लावले. काठीला ओलं पोतं बांधून आतली राख पुसली. मग तोंडावर लाकडी फळी लावून त्याला थांबायला सांगितलं. त्याला घाई. मी हात धरला. थोड्या वेळानं फळी काढली, चिमूटभर पीठ आत फेकलं आणि मनात आकडे मोजले. पीठ लगेच काळं पडलं तर भट्टी फार तापलेली, पांढरंच राहिलं तर निवलेली, हळूहळू बदामी झालं तर बरोबर. तिसऱ्या चिमटीला बदामी झालं. त्यानंतरचे पाव असे निघाले की पलीकडचा लोहार हातोडा टाकून बघायला आला. लेकीनं माझा फोटो काढला. त्या फोटोत मी हसतेय, आणि बाजूला लेकीची सावली पडलीय.

त्या माणसाचं घर आमच्यापासून दहा मिनिटांवर, कालव्याच्या बाजूला निघालं. एकच सरळ रस्ता, कुठे वळायचं नाही. मागच्या अंगणात तो गाडा ठेवायचा आणि दर शनिवारी पेटवायचा. मी येईन का, असं त्यानं विचारलं. लेक इतक्या चटकन हो म्हणाली की मला आश्चर्य वाटलं. एरवी मला कोपऱ्यापर्यंत सोडत नव्हती ती.

मग माझे शनिवार सुरू झाले. दुभाषी म्हणून नात बरोबर. तिला मराठी सगळं कळतं, पण माझ्यासाठीचं मोडकंतोडकं मराठी सोडलं तर बोलायची इंग्रजीत, आणि तेही तिथल्या हेलात. ‘आजी, युअर मॅन इज आउट द बॅक,’ असं ती दारातूनच ओरडायची. तिथे कुणाही पुरुषाला ‘युअर मॅन’ म्हणतात हे कळेपर्यंत मी दोनदा कानकोंडी झाले. त्याची बायको चहा आणून द्यायची आणि बसायची. ती सांगायची की तिच्या आजीच्या वेळी खेड्यात भट्टी नव्हती, लोखंडी भांड्यात पाव ठेवून झाकणावर निखारे रचायचे. आमच्याकडेही पातेल्यावर निखारे ठेवून केक करायचे, हे मी नातीकरवी सांगितलं. तिनं त्याचं भाषांतर काय केलं देव जाणे, पण ती बाई पोट धरून हसली. पुढे पुढे मीही कुठल्याही प्रश्नाला ‘ग्रँड’, म्हणजे झकास, म्हणायला शिकले. तेवढ्यावर तिथे पुष्कळ निभतं.

पण शनिवार संपला की रविवार होताच. मी पुन्हा खालच्या खोलीत, आणि डोक्यात एकच. बायकांनी तूप आणलं असेल. मामांनी लाकूड भरलं असेल का? नवरात्र बसलं तेव्हा मी तिसऱ्यांदा विषय काढला. दसऱ्यानंतरचं कुठलंही तिकीट बघा, उभ्यानं जाईन म्हटलं. लेक म्हणाली की विमानाचं तिकीट आता बदलत नाही. जावई जेवता जेवता म्हणाले, ‘आई, एवढं काय आहे हो तिथे?’ आणि लगेच पानात बघायला लागले. माणूस शांत, कधी उलटून बोलत नाही. मला ते फार लागलं. उठून मी सिंकपाशी गेले आणि उगाच एक धुतलेलं भांडं परत धुतलं.

मग माझ्या डोक्यात आलं की जाता येत नाही तर भट्टी इथे तर आहे. पुढच्या शनिवारी नातीला मध्ये घालून मी त्या माणसाला विचारलं. आमच्या बायकांचे पत्रे भाजून देशील का? त्यानं फडकं काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला की ज्या कामासाठी ही गाडी बनली तेच काम तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला रविवार ठरला. गाडा ओढून आमच्या वसाहतीतल्या हिरवळीवर आणायचा.

लेकीनं ल्यूकनच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. टाकायच्या आधी ती बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. मी म्हटलं, काय झालं? काही नाही, म्हणाली. नंतर मात्र ती माझ्याहून उत्साहात. स्वतः जाऊन तूप आणलं. प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, तिथे तसं म्हणतात, सगळे बेकिंगचे ट्रे काढून घासले. माझ्याजवळ येऊन बसायची, काही बोलू बघायची आणि उठून जायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण मी माझ्या नादात होते. मला कुठलं दिसतंय.

रविवारी आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. त्या माणसानं ताडपत्री बांधली. मी सकाळी आठलाच जाळ लावला, बारीक, मातीला सोसेल असा, आणि अकराला निखारे ओढले. बायका आल्या. पुण्याच्या, नागपूरच्या, ठाण्याच्या. सगळ्या शिकलेल्या, मोठमोठ्या कंपन्यांतल्या, आणि अर्ध्याजणींनी नानकटाईचं पीठ आयुष्यात पहिल्यांदा मळलेलं. कुणाचं सैल, कुणाचं फुटतंय. मी एकेकीला ओरडत होते. ‘काकू, एवढं तूप?’ ‘हो, एवढंच. कंजूषपणा ऑफिसात करायचा.’ खुणा करायला लावल्या. एकीनं काजू लावला, एकीनं लवंग, एका नागपूरच्या पोरीनं काट्यानं रेघा मारल्या. नंबर लागले. त्या ओळीत मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या जागेवर उभी होते. मला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

चौथा पत्रा आत गेला होता. पुढच्या नंबरला एक पोरगी होती, तिशीची असेल, पलीकडच्या वसाहतीत राहणारी. ती म्हणाली, ‘काकू, ओळखलं का? मी नवव्या गल्लीतली. लहानपणी आईबरोबर तुमच्याकडे डबा घेऊन यायचे.’ मला तिची आई आठवली. चारोळीवाली. मी तिच्या गालावरून पिठाचा हात फिरवला. ती म्हणाली, ‘बरं झालं तुमचं इथं सुरू झालं. आई सांगत होती, तिथली भट्टी पाडली म्हणून. सगळ्या बायका हळहळल्या. आई यंदा इचलकरंजी रोडला जाणार म्हणे भाजायला.’

मी विचारलं, ‘कधी पाडली?’

ती म्हणाली, ‘गणपतीच्या आधीच की काकू.’ आणि मग माझं तोंड बघून तिचा आवाज बारीक झाला. ‘तुम्हाला माहीत नव्हतं?’

मी मान वळवून पाहिलं. लेक पाच पावलांवर ट्रे धरून उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं मान खाली घातली, आणि मला सगळं कळलं. म्हणजे त्या बागेत चाकांवरच्या भट्टीपुढे मी पहिल्यांदा उभी राहिले, हसत फोटो काढून घेतला, तेव्हा माझी भट्टी पडून आठ दिवस झाले होते. मुलाला माहीत, लेकीला माहीत, जावयाला माहीत, मामांना माहीत. अळीमिळी गुपचिळी. इकडे मी फोनवर सांगतेय की विटा ओल धरतील.

मला तिथून जायचं होतं. कुठेही, कालव्यात सुद्धा. पण आत पत्रा होता, दुसऱ्याच्या घरचं तूप होतं, आणि भट्टी सोडून जाता येत नाही. पुढे अकराजणी उभ्या होत्या. मी फळी काढली, पीठ फेकलं, मोजलं. नवव्या गल्लीच्या पोरीचा पत्रा मीच आत सरकवला. त्यानंतरचे दोन तास मी फक्त पत्रे आत सारले आणि बाहेर ओढले. त्या माणसाला काही समजलं नसणार, पण त्यानं येऊन माझ्या हातातलं लांब दांड्याचं फळकूट धरलं आणि मला खुर्ची दाखवली. मी मान हलवली. उभ्यानंच संपवलं सगळं. एकीचीही नानकटाई जळली नाही, एकीचाही पत्रा दुसरीकडे गेला नाही.

घरी आल्यावर लेकीनं माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं. गल्लीत मागे झालेल्या इमारतीतल्या लोकांनी धुराची तक्रार केली होती. भट्टीवर बसायला मामांनंतर कुणी मिळणार नव्हतं. आणि माझा खोकला. सांगलीच्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना धुरापासून लांब ठेवा, वडिलांचं झालं तेच यांचं होईल. दादानं बोलणी केली, विजेचा ओव्हन घ्यायचा ठरवला, जागा मोठी करायची ठरवली. जागा त्याच्याच नावावर होती, नवरा गेल्यावर मीच हौसेनं करून दिली होती. आणि आई इकडे असतानाच उरकायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं.

ती रडत होती. म्हणाली, ‘तुला सांगितलं असतं तर तू पाडू दिली असतीस?’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘मग आम्ही काय करायचं होतं?’

त्यांचं काही चुकलं असं म्हणावं तर माझा खोकला मध्ये येतो. यांचे वडील दम्यानं रात्ररात्र कसे बसून काढायचे ते दोन्ही पोरांनी पाहिलंय. पण माझ्या मुलांनी मला सहलीला म्हणून परदेशात आणलं आणि दाराला कडी लावली, हेही खरंच आहे. मी तिला तसंच सांगितलं. तिला ते झोंबलं. झोंबावं म्हणूनच मी म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. आता नेटवर्क छान होतं. आधी तो बराच वेळ आई, आई एवढंच म्हणत राहिला. मी विचारलं की पाडायच्या आधी शेवटचं काय भाजलं? तो गडबडला. काही नाही म्हणाला, चार दिवस नुसती थंड होऊ दिली आणि माणसं बोलावली. मामा त्या दिवशी आले नाहीत. मी म्हटलं, नारळ तरी फोडलास का रे? तर घाईघाईनं म्हणाला, ‘पाडव्याला नव्या दुकानाचं उद्घाटन आहे. फीत तुझ्याच हातानं कापायची. तू तेवढी ये. तुझी लेक तिकीट बघतीय.’

लेक खरंच बघत होती. दोन महिने जे तिकीट बदलतच नव्हतं ते तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत बदलत होतं. गुरुवारचं आहे, शुक्रवारचं आहे, दुबईवरून आहे. तिनं डोळे पुसून मला विचारलं, ‘आई, कुठलं घेऊ?’ बिचारीला वाटलं, निदान हे तरी मला देता येतंय.

मी म्हटलं, ‘आहे तेच राहू दे. मी इथेच बरी आहे.’

दिवाळीत मी ल्यूकनला होते. पणत्या खिडकीच्या आत लावल्या, बाहेर वारा होता. नानकटाया डबाभर होत्या, खाव्याशा वाटल्या नाहीत, नातीनं संपवल्या. शनिवारी तो माणूस दारात येऊन गेला. मला बरं नाही, असं मी लेकीला सांगायला लावलं. दिवसभर मी खालच्या खोलीत बसून असायचे. आता कुणी मला अडवलेलं नव्हतं. डबीचे आकडे मला पाठ होते.

पाडव्याच्या सकाळी मुलानं उद्घाटनाचा व्हिडिओ पाठवला. फीत माझ्या जाऊबाईंनी कापली. दुकान चांगलं झालंय, खोटं का बोलू. पांढऱ्या फरशा, काचेची कपाटं, उजेडच उजेड. मागच्या बाजूला तो स्टीलचा ओव्हन. मुलगा दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत फोन फिरवत हळूहळू चालत गेला होता, मला नीट दिसावं म्हणून. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला, मध्ये मध्ये थांबवून पाहिला. तेवीस वर्षं मी ज्या जागेवर उभी होते, ती जागा त्यात मला शेवटपर्यंत ओळखता आली नाही.